बॅटरसी नॉर्थचा तक्ता: १९२२च्या चौकोनाला रंग कोणता?

मंडळी, लंडनमधल्या बॅटरसी या ब्रिटिश संसदेच्या मतदारसंघाच्या निकालांचा माझा तक्ता बराच पुढे सरकलाय. दर निवडणुकीच्या चौकोनात मी विजयी पक्षाचा रंग भरतो. मागच्या नोंदीत १९१८पाशी थांबलो होतो. त्याआधीचा भाग सोपा गेला. १८८५ साली मतदारसंघ झाला, पहिले खासदार ऑक्टेव्हियस व्हॉन मॉर्गन, आणि १८९२पासून थेट १९१८पर्यंत जॉन बर्न्स हे एकच नाव. १८८९च्या गोदी संपातून पुढे आलेला हा कामगार नेता १९०५ला मंत्री झाला आणि १९१४ला महायुद्धाला विरोध म्हणून मंत्रिपद सोडून बाहेर पडला. १९१८ला बॅटरसीचे नॉर्थ आणि साउथ असे दोन तुकडे झाले. मी सध्या फक्त नॉर्थ भरतोय.

१९१८च्या ओळीत लिबरल रिचर्ड मॉरिस जिंकलेले दिसतात. माझं लक्ष मात्र हरलेल्या नावावर गेलं: शार्लट डेस्पार्ड, मजूर पक्ष, वय ७४. बायकांच्या मताधिकारासाठी आयुष्य घातलेली ही बाई, बायकांना मत देता आलेल्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत इथून उभी होती. तेव्हाही मत तीस वर्षांवरच्या बायकांनाच, आणि तेही अटी घालून.

मग आला १९२२, आणि तिथे मी तीन संध्याकाळी अडकलो.

विजयी शापुरजी सकलातवाला, ११,३११ मतं. दुसरे हेन्री हॉगबिन, ९,२९०. मताधिक्य २,०२१. सकलातवाला मूळचे मुंबईचे, जमशेटजी टाटांचे भाचे. ते कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, पण त्यांना मजूर पक्षाचा पाठिंबा होता. मी आधी चौकोन सरळ मजूर पक्षाच्या लाल रंगात भरला. दुसऱ्या दिवशी १९२४ भरताना पंचाईत झाली. तेव्हा तेच सकलातवाला उघड कम्युनिस्ट उमेदवार म्हणून जिंकलेत. माणूस तोच, वस्ती तीच, मग रंग दोन कसे?

शेवटी पक्षाचा रकाना मोडून दोन केले: ‘सदस्य कुणाचा’ आणि ‘पाठीशी कोण’. हॉगबिनच्या बाबतीतही हे कामाला आलं. १९२२ला नॅशनल लिबरल, १९२३ला लिबरल, १९२४ला कॉन्स्टिट्यूशनलिस्ट. तीन निवडणुकांत तीन पाट्या. एकच रकाना ठेवला असता तर तीन वेगळे पक्ष लढले असं वाटलं असतं.

आता १९२३ बघा. हॉगबिन १२,५२७, सकलातवाला १२,३४१. १८६ मतांनी जागा गेली. पण सकलातवालांना हरताना मिळालेली मतं आदल्या वर्षी जिंकताना मिळालेल्या मतांपेक्षा १,०३०नं जास्त आहेत! आदल्या वर्षी तिसरा उमेदवार होता, त्यानं १,७५६ मतं घेतली होती. १९२३ला सरळ लढत झाली. मग १९२४ला पुन्हा सरळ लढत: सकलातवाला १५,०९६, हॉगबिन १४,५५४. फरक ५४२. म्हणून मी आणखी एक रकाना घातलाय, ‘मैदानात कोण नव्हतं’. माझ्या मते मतदारसंघाचा इतिहास लिहिताना हाच रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे. १९२४ला मजूर पक्षाचा वेगळा उमेदवार नव्हता, ही गोष्ट ५४२ या आकड्याइतकीच ठळक दिसायला हवी.

कारण १९२९ला तो उमेदवार आला. विल्यम सँडर्स, मजूर पक्ष, १३,२६५. कॉन्झर्व्हेटिव्ह आर्थर मार्सडेन १०,८३३. सकलातवाला तिसरे, ६,५५४. एकवीस वर्षांवरच्या सगळ्या बायकांना मत मिळालेली ही पहिली निवडणूक, त्यामुळे एकूण मतंही वाढलेली आहेत.

इथे एक नाव निकालाच्या तक्त्यात कधीच येत नाही, ते मी शेऱ्यात घातलंय: जॉन आर्चर. हे १९१३ला बॅटरसीचे महापौर झाले, लंडनमधले पहिले कृष्णवर्णीय महापौर. १९२२ला सकलातवालांसाठी मजूर पक्षाचा पाठिंबा जुळवून आणणारे निवडणूक प्रतिनिधी हेच. आणि १९२९ला सँडर्सचे निवडणूक प्रतिनिधीही हेच! हे वाचलं तेव्हा मी तक्ता बंद करून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. ११,३११ आणि ६,५५४ या दोन आकड्यांच्या मागे एकाच माणसाचे हात होते.

पुढचं भराभर झालं. १९३१ मार्सडेन, १९३५ पुन्हा सँडर्स, १९४०च्या पोटनिवडणुकीत फ्रान्सिस डग्लस, १९४६च्या पोटनिवडणुकीत डग्लस जे (आडनाव ‘जे’), आणि हे जे थेट १९८३पर्यंत. सदतीस वर्षं एकच रंग, अर्ध्या तासात संपलं.

१९८३ला नॉर्थ-साउथ एकत्र येऊन पुन्हा एकच बॅटरसी झाली. तिथे तक्त्यात जाड रेघ मारलीय, कारण नाव तेच असलं तरी हद्द तीच नाही. रेघेखाली सध्या दोनच आकडे आहेत: १९८७ला जॉन बोविस यांनी आल्फ डब्स यांना ८५७ मतांनी हरवलं, आणि २००५ला मार्टिन लिंटन यांनी जागा राखली ती १६३ मतांनी. १९२३च्या १८६ला मी ‘सर्वात कमी’ म्हणून पिवळं केलं होतं, ते काढलं.

आता साउथ उघडतोय. दोन तुकडे एकाच तक्त्यात शेजारी मांडायचे की वेगळी पानं करायची, हे अजून ठरत नाहीये. कुणी फुटून पुन्हा जुळलेला मतदारसंघ मांडला असेल तर कसा मांडलात ते कळवा.