डिफेंडर घेऊन सत्तरीत: चासी, किंमत आणि व्हाळातलं पाणी

लँड रोव्हरच्या नव्या डिफेंडरचा विषय निघाला की दोन शंका हमखास येतात. चासी, म्हणजे तळाचा वेगळा पोलादी सांगाडा, नसलेली गाडी खडतर रस्त्यावर टिकेल का, ही एक. आणि कोटभर रुपये नेमके कशाचे, ही दुसरी. माझा मामेभाऊ, आमचा दादा, कोल्हापूरजवळ शिरोलीला फाउंड्री चालवतो. दिवाळीनंतर तो आपली डिफेंडर ११० डिझेल घेऊन गोव्याला निघाला आणि मी बेळगावातून त्याच्याबरोबर बसलो. वाळपईच्या पुढे आमच्या काकांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. तिथे जाणारी वाट या दोन्ही शंका तपासायला पुरेशी आहे.

बेळगावहून चोर्ला घाटाने उतरलात तर अंजुणे धरण दिसतं, मग सत्तरी तालुक्यातलं केरी आणि पुढे वाळपई. रस्ता डांबरी आहे, वळणं खूप आहेत, त्यासाठी मोठी गाडी लागत नाही. कणकुंबी सोडल्यावर बराच वेळ मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि घाट उजेडातच उतरा. इंधन टाकी भरायची तर गोव्यात भरा, महाराष्ट्रापेक्षा स्वस्त पडतं.

काका वाळपईच्या पलीकडे. त्यांच्याकडे जुनी महिंद्रा कमांडर आहे, चासीवर बांधलेली, पाट्यांच्या स्प्रिंगची. सुपारीची पोती आणि शेणखत तिनेच वाहिलं. त्यांच्या मुलाकडे थार आहे. दादाची गाडी अंगणात लागली तशी काकांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हिला चासी कुठे आहे? चासी नाही ती जीप कसली?"

दादा धातूत वाढलेला माणूस, तो असल्या प्रश्नाला चिडत नाही. "काका, तुमची चासी वाकली तर गॅरेजवाला ती सरळ करून देईल, हे मान्य. पण हिचं अख्खं अंगच एक सांगाडा आहे. पिळायला गेलं तरी पिळत नाही ओ." तो म्हणतो ते खरं आहे. जुन्या डिफेंडरला पोलादी लॅडर, म्हणजे शिडीसारखी, चासी होती आणि वरचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे, कारण १९४८ साली पहिली लँड रोव्हर आली तेव्हा ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता. तशी शेवटची गाडी २९ जानेवारी २०१६ ला सॉलिहलच्या कारखान्यातून बाहेर पडली. सप्टेंबर २०१९ मध्ये फ्रँकफर्टला जी नवी दाखवली तिचा सांगाडाच अ‍ॅल्युमिनियमचा, मोनोकॉक, म्हणजे अंग आणि सांगाडा एकच. पारंपरिक लॅडर चासीच्या तिप्पट ताठ, असा कंपनीचा दावा आहे. जिम रॅटक्लिफ या ब्रिटिश उद्योगपतींना हा बदल इतका खटकला की त्यांनी चासीवर बांधलेली ग्रेनेडियर ही वेगळी गाडीच बाजारात आणली. म्हणजे काकांचा प्रश्न अडाणी माणसाचा नव्हता. जगभर तोच वाद चालला होता.

वाद तोंडाने मिटणार नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही गाड्या कुळागराच्या वाटेला लागल्या. मधे एक व्हाळ, म्हणजे ओढा, आडवा येतो. नोव्हेंबरातही त्याला चांगलं पाणी होतं. काका काठी घेऊन आत उतरले, सरळ पलीकडे गेले. मधोमध पाणी त्यांच्या मांडीला लागलं, म्हणजे अडीच फूट धरा. थारची अधिकृत मर्यादा ६५० मिलिमीटर, डिफेंडरची एअर सस्पेन्शनसह, म्हणजे हवेच्या दाबाने गाडी वर उचलून, ९००. हिशोबाने थार तिथे जायला नको आणि डिफेंडरला काही वाटायला नको.

झालंही तसंच. दादाने गाडी उचलून घेतली, पाण्याचा मोड लावला. त्या मोडमध्ये अ‍ॅक्सिलरेटर मऊ होतो, एसी आतलीच हवा फिरवायला लागतो आणि पडद्यावर पाण्याची खोली दिसते. बॉनेटपुढे लाट उठली, ती एकसारखी राहील एवढाच वेग त्याने ठेवला आणि गाडी पलीकडे काठावर चढली. बाहेर आल्यावर ती ब्रेक स्वतःच हलके घासून कोरडे करते. आत बसलेल्या माझ्या पायाला थेंबही लागला नाही. दगडांवरून एक चाक वर, एक खाली अशी वाकडी उभी असताना मी मुद्दाम मागचा दरवाजा उघडून पाहिला, सहज उघडला आणि सहज लागला. जुन्या गाड्यांमध्ये अशा वेळी दार अडकतं. चासीच्या शंकेला माझ्यापुरतं तिथेच उत्तर मिळालं.

मग काकांनी कमांडर घातली. सरळ नाही. डाव्या अंगाने, एका मोठ्या दगडाला वळसा घालून. तिथे पाणी गुडघ्याला होतं. मागोमाग थारही तिथूनच आली. त्या दगडाशेजारची वाट काकांना पोरवयापासून माहीत आहे. मला वाटतं, पुढे येणाऱ्यांनी या प्रवासातून एकच गोष्ट उचलायची असेल तर ही: पाण्यात गाडी घालण्याआधी माणूस घाला, आणि तो माणूस त्या गावचा असू द्या. गढूळ पाणी असेल, ओढ असेल, तर ९०० चा आकडा विसरा आणि मागे फिरा.

पुढचा चढ डिफेंडरला जड गेला. ओल्या जांभ्यावर लाल चिखलाचा थर होता. दादाच्या गाडीला २० इंची चाकं आणि रस्त्यावरचे टायर, वजन सव्वादोन टनांच्या वर. टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की ते गुळगुळीतच. लो गेअर, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा डिफरन्शियल लॉक, सगळं लावल्यावर ती वळवळत चढली. थार ऑल टेरेन टायरांवर न बोलता चढून गेली. काकांच्या मुलाने तेवढ्यात सांगितलं की २०१४ पासून पावसाळ्यात गोव्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या आडवाटेच्या गाड्यांच्या स्पर्धेतही फेरफार केलेल्या जिप्सी आणि थारच जास्त दिसतात. हलकी गाडी, अरुंद गाडी, योग्य टायर. डिफेंडर घेणाऱ्याने शोरूममध्येच लहान रिम मागून घ्यावी. १८ इंची मिळाली तर उत्तम. रबराची भिंत जितकी उंच तितका जांभ्याच्या धारेपासून बचाव. दगडाळ वाटेला लागताना टायरची हवा ३५ पीएसआयवरून २६च्या आसपास आणा आणि परत भरायला छोटा कॉम्प्रेसर डिकीत ठेवा.

रुंदीचं गणित वेगळंच. सुपारीच्या रांगा साधारण २.७ मीटर अंतराने लावतात. डिफेंडर आरसे मिटून दोन मीटर. दोन्ही बाजूंना जेमतेम फूटभर राहतं आणि मधे पाण्याचे पाट. काका पुढे चालत हाताने खुणा करत होते, दादाचा घाम निघाला. हीच अडचण पणजीच्या फोंतेन्हासच्या गल्ल्यांत आणि बार्देशातल्या चिऱ्याच्या कुंपणांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर येते. तिथे गाडी बाहेर लावून पायी जा.

आता पैसे. रात्री जेवणानंतर काकांनी विचारलं, "एवढ्या पैशात मी दुसरं कुळागर घेईन. तुला यात काय मिळालं?" दादाने कागद घेतला. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतात विक्री सुरू झाली तेव्हा ११० ची किंमत ७९.९४ लाखांपासून होती. आता गाडी कोटीच्या आसपास जाते. ती बनते स्लोव्हाकियातल्या नित्रा इथे आणि पूर्ण बांधलेली आयात होते. समजा बंदरावर ती ३५ लाखांना उतरली. त्यावर आयात शुल्क साधारण तेवढंच, झाले ७०. मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, आधी सेस धरून ५० पर्यंत जायचा. ७० वर ४० टक्के म्हणजे ९८ लाख. वितरकाचा नफा, विमा आणि रोड टॅक्स अजून बाकी. आकडा समजुतीसाठी धरलेला आहे, पण रचना हीच आहे. गाडीच्या किमतीतला मोठा वाटा लोखंड, अ‍ॅल्युमिनियम किंवा सस्पेन्शनचा नाही, करांचा आहे.

म्हणून "एवढे पैसे घेतात तर तेवढी मजबूत असायला हवी" हा युक्तिवाद मला पटत नाही. मजबुती खरी आहे, पण थारच्या कित्येक पट दिलेले पैसे मजबुतीच्या त्या पटीत परत येत नाहीत. येणारही नाहीत. कंपनीची मालकी २००८ पासून टाटांकडे आहे, आणि २०२४ मध्ये रेंज रोव्हरची जोडणी पुण्यात सुरू झाली तेव्हा तिच्या किमती ठळकपणे उतरल्या. डिफेंडरचं तसं झालं तर मीच दादाला फोन करून दुसरी घे म्हणेन. आजच्या किमतीत ती लांबच्या पल्ल्यासाठी घ्यावी: कोल्हापूर ते काकांचं अंगण न थकता, आणि तिथून व्हाळाच्या पलीकडेही. नुसता व्हाळच ओलांडायचा असेल तर थार घ्या, उरलेल्या पैशांचं काय करायचं ते काका सांगतील.

काकांचा एक मुद्दा मात्र दादाने विनातक्रार मान्य केला. चिकटवून आणि रिव्हेट मारून जोडलेलं अ‍ॅल्युमिनियम वाळपईच्या वेल्डरकडे दुरुस्त होत नाही. ठोकर जोरात बसली तर गाडी ट्रेलरवरूनच जाणार. स्वतः फाउंड्रीवाला असून त्याने हे सांगितलं, म्हणून मी ते जास्त गंभीरपणे घेतो.

येणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. किनाऱ्यावर गाडी घालू नका, गोव्यात ते बेकायदा आहे. पर्यटकांवर गुन्हे नोंदले जातात, आणि भरतीत रुतलेली गाडी काढणं वेगळंच संकट. म्हादई आणि नेत्रावळी अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय आडवाटेला शिरू नका. आम्ही गेलो ती वाट खासगी कुळागरातली होती. दूधसागरला खासगी गाडी सोडत नाहीत. ती कुळे इथे लावा आणि स्थानिक जीपमध्ये बसा. पावसाळ्यात ही सेवा बंद असते. ते चालक तेच ओढे हंगामभर रोज ओलांडतात, त्यांच्या शेजारी बसून चाकं कुठे पडतात ते बघणं हेच एक शिक्षण आहे.

दिवाडीला फेरीबोटीने जायचं तर ओहोटीला रॅम्प तीव्र उतरतो, गाडी आधीच उचलून घ्या आणि बोटीवरचा माणूस हात करेल तेवढंच पुढे जा. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड आहे का ते निघण्याआधी तपासा, नुसत्या पॉलिसीत पाण्याने गेलेलं इंजिन सहसा धरत नाहीत. आणि परतल्यावर त्याच दिवशी गाडी उचलून खालून धुवा. लाल माती वाळली की चाकाच्या आतल्या बाजूला दगडासारखी बसते आणि हायवेवर स्टिअरिंग थरथरायला लागतं.