टक्का जास्त, म्हणजे आवळा चांगला?

“तुम्ही लॅबमध्ये आहात ना? मग सांगा, ज्या आवळा चूर्णावर पॉलिफेनॉलचा टक्का जास्त लिहिलाय तेच घ्यायचं ना?” सोसायटीच्या लिफ्टमध्ये, दादरला काष्ठौषधींच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही. निदान त्या एका आकड्यावर विसंबून तरी नको. पॉलिफेनॉल म्हणजे वनस्पतींतली फिनॉल गटातली संयुगं; आवळ्याला तुरटपणा देणारी टॅनिनं त्यांतलीच.

तो आकडा बहुतेक वेळा फोलिन-सिओकाल्टू नावाच्या रिएजंटने, म्हणजे चाचणीच्या रसायनाने, काढलेला असतो. 1927 सालची ही पद्धत अजून जोरात चालते, कारण ती स्वस्त आणि सोपी. पिवळ्या रिएजंटमध्ये अर्क घालायचा, मग सोडियम कार्बोनेट, आणि थोडा वेळ अंधारात ठेवायचं. निळा रंग चढतो. तो 765 नॅनोमीटरला मोजायचा आणि उत्तर गॅलिक ॲसिडच्या हिशेबात लिहायचं.

पण हे रिएजंट फिनॉल ओळखत नाही. त्यातल्या टंगस्टन-मॉलिब्डेनमला जो कोणी इलेक्ट्रॉन देईल, त्याच्यामुळे ते निळं होतं. आणि आवळ्यात असतं क जीवनसत्त्व, या कामात पटाईत. कार्बोनेटची बाटली उघडायच्या आधीच पिवळ्यात हिरवट झाक येऊ लागते, ती बरीचशी त्याचीच करामत. ते वेगळं मोजून वजा केलं नाही, तर तेही ‘फिनॉल’ म्हणून टक्क्यात जमा. शिवाय हिरडा टॅनिनने गच्च भरलेला. आवळ्याच्या पुडीत कुणी तो मिसळला, तर या चाचणीत आकडा काही पडायचा नाही.

मग लोक म्हणतात, एचपीएलसी करा. करतो की! त्यात अर्क कॉलम नावाच्या भरीव नळीतून दाबाने ढकलतात, घटक एकेक करून वेगळे होतात, आणि आलेखावर प्रत्येकाचं शिखर वेगळं दिसतं. गॅलिक ॲसिड पाण्यात रमणारं, त्यामुळे नेहमीच्या, तेलकट स्वभावाच्या सी-18 कॉलममधून लवकर बाहेर पडतं. एलॅजिक ॲसिड बरंच मागून. गॅलिकचं शिखर उंच दिसलं की माल पाठवणारा खूश. मी मात्र तिथेच थबकते. आवळ्या-हिरड्यातली मोठी टॅनिनं उष्णतेने, ओलाव्याने तुटतात आणि त्यांतून गॅलिक नि एलॅजिक सुटं होतं. म्हणजे मुंबईच्या पावसाळ्यात दमट गोदामात पडून राहिलेल्या पुडीत गॅलिक ॲसिड ताज्या पुडीपेक्षा जास्तही निघू शकतं. नुसतं ते शिखर पाहिलं तर म्हातारा माल तरुण ठरायचा! म्हणून मूळ टॅनिनांची शिखरं शिल्लक आहेत का, हे मी आधी बघते.

पाण्याचं तर विचारूच नका. ताज्या आवळ्यात 80 टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे ग्रॅमला ग्रॅम तुलना केली की वाळलेली पूड नेहमीच जिंकते. त्यात आवळ्याचं कर्तृत्व काहीच नाही.

आणि हो, लोखंडी कढईत आवळा काळा पडला की काकू मला फोटो पाठवतात, “बघ, किती अस्सल!” टॅनिन आणि लोह भेटले की काळं होणारच. हिरडाही करतो, बेहडाही करतो.

खरंच तपासून हवं असेल तर पूड आणू नका. बिया काढलेला सुका आवळा, न कुटलेला, हवाबंद डब्यात आणा, आणि कधी व कसा वाळवला ते चिठ्ठीवर लिहा. उन्हात की सावलीत, तेही.