ग्रांडे बेटाजवळची थंडी

पणजीत पोचलो, मासे जेवलो, झोपलो. पहिल्या दिवसाचं एवढंच.

माझी भाची सागरी जीवशास्त्र शिकायला जानेवारीत स्कॉटलंडला निघाली आहे. तिथे अभ्यासासाठी समुद्रात उतरावं लागणार. मग जायच्या आधी गोव्यात चार डाईव्ह पदरात पाडून घेऊ, असं मामा-भाचीचं ठरलं. ऑक्टोबरचा मध्य, हंगाम नुकता सुरू झालेला. सकाळी सातला बायणा किनाऱ्यावरून ग्रांडे बेटाकडे बोट होती. सूट वाटणाऱ्या मुलाने आम्हा दोघांना एकदा नखशिखांत न्याहाळलं आणि दोन वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब धरणारे रबरी पोशाख, हातात कोंबले. घालून बघायला वेळ नाही, बोट सुटतेय. भाचीच्या सुटाचं कापड पाठीवर माझ्या मुठीत मावत होतं. सैल आहे म्हटलं, तर उत्तर आलं, "गोव्यात कुठे थंडी असते?"

मी गप्प बसलो. हे मला अजून बोचतं.

पहिली डाईव्ह बरी झाली. दुसऱ्या वेळी दहा-बारा मीटरवर अचानक गार पाणी लागलं. वर ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालेला आणि खाली विहिरीच्या तळाला असावा तसा गारवा. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याकडे खोल समुद्रातलं थंड पाणी वर सरकतं आणि पाऊस गेल्यावरही काही काळ तळाशी रेंगाळतं, हे मी वाचलेलं होतं. अंगावर मात्र तेव्हा पहिल्यांदा घेतलं. भाचीने दोन्ही दंडांवर हात घासून 'थंडी' अशी खूण केली. आम्ही वर आलो तेव्हा तिचे ओठ जांभळे झाले होते, दात वाजत होते आणि तिला हवेची टाकी बांधलेल्या स्वतःच्या जॅकेटचं बकल उघडता येत नव्हतं. बोटं वळतच नव्हती. ते मी उघडलं. बोटीवर ना कोरडा टॉवेल, ना घोटभर चहा.

पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. हे ज्यांना रोज माहीत असतं, त्यांनी माप न बघता सूट द्यावा याचा मला मनापासून राग आला. अजूनही आहे.

दुपारी एका दुसऱ्या दुकानात गेलो. तिथल्या प्रशिक्षक बाई मूळच्या देवबागच्या. सकाळची हकिकत ऐकून त्यांनी भाचीला आधी बसवलं, चहा दिला आणि मग म्हणाल्या, "सूट अंगाक चिकटान रवाक व्हयो गो बाय. पाणी आत फिराक लागला की थंडी वाजतलीच."

वेटसूट निओप्रीन नावाच्या स्पंजासारख्या रबराचा असतो. ऊब धरतात ते त्यातले वायूचे बुडबुडे. आत शिरलेलं पाणी एकदा अंगाच्या उबेने तापतं आणि तिथेच थांबलं तर त्रास नाही. सैल सुटात ते सारखं बदलतं आणि शरीर दर वेळी नवं पाणी तापवत बसतं. त्यात दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्म्यावर येतात, म्हणजे वर जाड वाटलेला सूट खाली पातळ पडतो. बाईंनी भाचीला पाच मिलीमीटर जाडीचा सूट घालायला लावला, हात वर करायला लावले, उकिडवं बसवलं, पूर्ण श्वास घ्यायला सांगितला. मग कंबरेच्या खळग्यात, काखेत आणि मानेमागे बोटं घालून पोकळी आहे का ते तपासलं. तिसरा सूट पसंत पडला.

आणि मग स्कॉटलंडचा विषय निघाला. हिवाळ्यात तिथलं पाणी ६-७ अंशांवर येतं, तिथे ड्रायसूटच हवा. बाईंनी थंड देशात दोन हंगाम काम केलेलं, त्यांचा जुना ड्रायसूट खुंटीवर होता. त्यात पाणी आत येतच नाही. ऊब देतात ते आतले लोकरीसारखे कपडे आणि त्यांत अडकलेली हवा. सुती बनियन चालत नाही, घाम धरून ठेवतं. खाली जाताना छातीवरच्या बटणाने हवा भरायची, वर येताना खांद्यावरच्या व्हॉल्व्हमधून सोडायची.

तो ड्रायसूट भाचीला घालून बघायचा होता. मनगटाशी पाणी अडवणारी लॅटेक्सची पातळ रबरी पट्टी चढवण्याआधी बाईंनी भाचीच्या हातातली चांदीची बांगडी काढायला लावली. ती माझ्या आईची. टाल्कम पावडर लावून हळूच हात आत सरकवला, तरी एक नख लागलं असतं तर लॅटेक्स फाटलंच असतं. मग म्हणाल्या, मूठ वळ. मनगटावर दोन शिरा दोऱ्यांसारख्या ताठ झाल्या आणि मध्ये बारीक पन्हळ पडली. तिच्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "ह्या वाटेन पाणी येता. लॅटेक्स वर सरकव, शिरो नाय थंयसर." भाचीने मूठ वळून, सोडून, पुन्हा वळून बघितली. तासभर गेला. बाईंनी एक पैसा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच बेट, तोच गार थर, अंगावर पाच मिलीमीटरचा सूट. भाची चाळीस मिनिटं खाली होती, बराच वेळ एका खडकापाशी पोपटमाशांच्या मागे. वर आल्यावर बोटीत बसली आणि जॅकेटचं बकल तिने स्वतः उघडलं.