ई ड्राइव्हवरची पत्रं

वडिलांनी आजीची पत्रं स्कॅन करायला घेतली आणि ते काम त्यांना वर्षभर पुरलं. २१४ पत्रं, पाठपोट. कागद घडीवर तुटत होते, काही तर उलगडतानाच हातात आले. म्हणून तर स्कॅन करायची घाई. ती सगळी एका दुपारी गेली, आणि त्या दुपारी कॉम्प्युटरवर मी बसले होते.

मला व्हिडिओ एडिटिंगचं एक सॉफ्टवेअर हवं होतं. त्याचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता वापरायची चोरटी आवृत्ती, डाउनलोड केलं. सोबत सूचना होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. केला. थोड्या वेळाने विंडोज अपडेटची खिडकी आली, टक्के पुढे सरकू लागले. ती खिडकी खोटी होती. मागे फायली एन्क्रिप्ट होत, म्हणजे किल्लीशिवाय न उघडणाऱ्या कुलपात जात असताना मशीन का मंदावलंय, अशी शंका येऊ नये म्हणून ती दाखवतात.

पत्रांचा फोल्डर उघडला तर प्रत्येक जेपीजीच्या नावापुढे चार अक्षरांचं नवं शेपूट. सोबत एक टेक्स्ट फाइल: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क साधलात तर ४९०.

बॅकअप होता हो. एक्स्टर्नल डिस्क, यूएसबीला कायम जोडलेली, ई ड्राइव्ह म्हणून दिसणारी. सी ड्राइव्हवर लिहिता येतं तसं ई ड्राइव्हवरही येतं, मग रॅन्समवेअर, म्हणजे फायली ओलीस धरून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, तिला कशाला सोडेल? विंडोजच्या शॅडो कॉपी, म्हणजे ते स्वतः ठेवतं त्या फायलींच्या जुन्या प्रती, त्याही त्याने पुसल्या होत्या.

हे स्टॉप-डीजेव्हीयू या कुळातलं होतं. चिठ्ठीतला आयडी ‘टी१’ने संपला, तर ती ऑफलाइन की, म्हणजे अनेकांच्या फायलींना एकच लागणारी किल्ली असते आणि कधीतरी फायली सुटण्याची आशा असते. आमचा तसा संपत नव्हता. पैसे भरले नाहीत. भरूनही किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? एक मात्र झालं. हे कूळ फाइलचा सुरुवातीचा साधारण १५० केबीचाच भाग एन्क्रिप्ट करतं. वडिलांनी ३० पत्रं एका झिपमध्ये, म्हणजे एकाच फाइलमध्ये, बांधून ठेवली होती. त्यातलं पहिलं गेलं, बाकीची २९ निघाली.

मी निदान स्वतःच्या हाताने दार उघडलं होतं. २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरला त्याचीही गरज पडली नाही. विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या, म्हणजे एसएमबीमधल्या चुकीतून ते पोर्ट ४४५ या नेटवर्कच्या दारातून एका मशीनवरून दुसऱ्यावर आपणहून गेलं. मायक्रोसॉफ्टने ती चूक दुरुस्त करणारा पॅच १४ मार्चला दिला होता, हल्ला झाला १२ मेला. मधले ५९ दिवस ज्यांनी ‘नंतर आठवण करा’ दाबलं, त्यांची मशीनं उघडी राहिली. म्हणून आता अपडेट आलं की मी त्याच रात्री रीस्टार्ट करते. राउटरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट केलं, त्यातलं यूपीएनपी बंद केलं, म्हणजे घरातलं कुठलंही यंत्र आपल्या मनाने बाहेरून आत यायला पोर्ट उघडणार नाही. जुनं एसएमबी व्हर्जन १ काढून टाकलं. विंडोज सिक्युरिटीत ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ नावाची सोय आहे, ती मुळात बंद असते. चालू केली की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फायलींना हात लावता येत नाही. कधीकधी आपल्याच एखाद्या प्रोग्रॅमला अडवते, तेव्हा परवानगी द्यावी लागते. तेवढा त्रास मी आनंदाने सोसते.

पण हे सगळं एका बाजूला आणि डिस्क काढून ठेवणं एका बाजूला. आता दोन डिस्का आहेत. एक कपाटात, एक बहिणीच्या घरी. कॉपी झाली की ‘इजेक्ट’ करून केबल काढायची, चहा करायला उठायच्याही आधी. दोन्ही एकाच वेळी कधीच जोडायच्या नाहीत.

महिन्यातून एकदा कपाटातली डिस्क जोडून एखादं पत्र उघडून बघते, कारण न उघडलेल्या बॅकअपवर माझा आता भरवसा नाही. परवा सतरावं उघडलं. वडील मागे उभे राहून वाचत होते. शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि म्हणाले, “अठरावं गेलं ना गं?”

गेलं. ते उलगडतानाच तुटलेल्यांपैकी होतं.