दाखला काढण्याआधी

माझा धाकटा भाऊ शिरोलीच्या एका फौंड्रीत सुपरवायझर होता. गेल्या वर्षी त्याला कोइमतूरला चांगली नोकरी लागली. घरात भाड्याचं घर, सामानाचा ट्रक आणि तमिळ कसं जमायचं यावर चर्चा सुरू झाली. मी मात्र एकाच गोष्टीवर अडून बसले: त्याच्या पोरीला बारावी होईपर्यंत कोल्हापुरातून हलवायचं नाही. ती नुकतीच दहावी झाली होती आणि तिला डॉक्टर व्हायचंय.

मी शाळेच्या कार्यालयात लेखनिक म्हणून नोकरी केली. जूनमध्ये घाईघाईनं पोराचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आलेले आईबाप मी पाहिलेत. बारावीनंतर तेच लोक हातात फाईल घेऊन, आता प्रवेशाचं काय, असं विचारायला आलेलेही पाहिलेत.

आपल्याकडच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या 85 टक्के जागा राज्याच्या कोट्यातून भरतात, उरलेल्या 15 टक्के अखिल भारतीय कोट्यातून. राज्याच्या कोट्याला महाराष्ट्राचा अधिवास, म्हणजे डोमिसाईल, लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली लागते. बोर्ड सीबीएसई असलं तरी चालतं, शाळा महाराष्ट्रात हवी. सरकारी नोकरांच्या मुलांना बदलीमुळं काही सवलती आहेत, खासगी नोकरीतल्या माणसाला त्या नाहीत. म्हणजे बाप करवीर तालुक्यातला, आजा पन्हाळ्याचा, पोरगी जन्मली कोल्हापुरात, तरी बारावी कोइमतूरला झाली की हा कोटा गेला. आणि तमिळनाडूचा कोटा मिळावा तर तिथं सहावी ते बारावी त्यांच्याच राज्यात शिकलेलं असावं लागतं, नाहीतर मूळचं तिथलं असावं लागतं. अकरावीला गेलेली पोर ना इथली राहते, ना तिथली होते. सरकारी जागा हुकली की खासगी कॉलेजची फी आपल्यासारख्याच्या आवाक्यातली नाही.

इंजिनिअरिंगचं गणित वेगळं आहे. राज्यातले व्यावसायिक प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या नियमात राज्याच्या जागांसाठी मुलांचे प्रकार पाडलेत. दहावी-बारावी इथं झालेली आणि इथं जन्मलेली किंवा इथला अधिवास असलेली मुलं 'टाइप ए'मध्ये येतात. शिक्षण बाहेर झालं, पण आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील, तर मूल 'टाइप बी'मध्ये बसतं. बेळगाव-निपाणीसारख्या वादग्रस्त सीमाभागात शिकलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी 'टाइप ई' आहे. म्हणून पोराला इंजिनिअरच व्हायचं असेल तर मी स्वतः सांगेन, त्याला बरोबर न्या. आईबापापासून लांब ठेवायचं काही कारण नाही.

राज्यातला प्रवेश हुकला की मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाते. 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण त्यासाठीही महाराष्ट्राचा अधिवास आणि राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला प्रवेश लागतो.

भावजयीला हे पटत नव्हतं. "वन्सं, दोनच वर्षं म्हणताय, पण ही दोन वर्षं मला परत मिळणार हाईत का?" ती म्हणाली. याला माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. लेकीलाच विचारूया म्हटलं. ती म्हणाली, "आत्ती, मी तुझ्याकडं राहते." आता ती शिवाजी पेठेत माझ्या घरी आहे. पालकसभेला मी जाते. रोज रात्री जेवणानंतर ती आईशी फोनवर बोलते, आणि त्या वेळेत मी तिला कुठलंही काम सांगत नाही. शाहू महाराजांनी ज्या गावात जातीजातीच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, त्या गावात भावाच्या पोरीला दोन वर्षं सांभाळणं मला जड वाटलं नाही.

गाव सोडण्याआधी भावाला मी एक काम करायला लावलं. त्याचं आणि पोरीचं, दोघांचंही वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र काढून घेतलं. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. घरफाळ्याच्या पावत्या, लाईट बिलं, रेशन कार्ड, शाळेचे दाखले हे सगळं घर आवरताना आधी रद्दीत जातं. सामान बांधण्याआधी ती पिशवी वेगळी काढा.

तुमच्याकडं बदलीचं पत्र आलं असेल आणि पोर नववी-दहावीत असेल, तर दाखल्याचा अर्ज देण्याआधी दोन्ही राज्यांची प्रवेशाची माहितीपत्रकं उघडून पात्रतेचं पान नवराबायकोनं एकत्र बसून वाचा. नियम दरवर्षी नव्यानं छापले जातात, म्हणून त्याच वर्षीचं बघा. शेजारच्याच्या पोराचं तीन वर्षांपूर्वी काय झालं, त्यावर जाऊ नका.