नागचे पाणलोट क्षेत्र, नोंद चौथी: वाडीपलीकडची धार

मागच्या नोंदीत नागपूरच्या नाग नदीच्या पाणलोटाची (जिथले पावसाचे पाणी तिला मिळते त्या क्षेत्राची) पश्चिम सीमा रेघ मारल्यासारखी सरळ आल्याचे मी मोठ्या कौतुकाने कळवले होते. ते कौतुक आज मागे घ्यावे लागत आहे. कोणताही जलविभाजक, म्हणजे दोन नद्यांचे पाणी वेगळे करणारी उंचवट्याची रेषा, कित्येक किलोमीटर नाकासमोर धावत नाही, हे तेव्हाच सुचायला हवे होते. उंचीच्या नकाशाचा तुकडा कापताना मी कडेला मोकळी जागाच ठेवली नव्हती, त्यामुळे क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीने कापलेली कडच सीमा धरली होती. आता नागपूरलगतच्या वाडी गावाच्या पश्चिमेला दहा किलोमीटर पुढपर्यंतचा तुकडा घेऊन नकाशातले खोटे खळगे बुजवणे, प्रत्येक चौकटीतून पाणी कुठे उतरते ती प्रवाहाची दिशा आणि तिच्यात वरून किती चौकटींचे पाणी येते तो प्रवाहसंचय हे सारे टप्पे नव्याने केले, तेव्हा कुठे रेषेला टेकड्यांची वळणे आली.

या रेषेसाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण असे की, तिच्या पूर्वेला पडलेले पाणी नागेतून कन्हानला आणि आंभोऱ्याजवळ वैनगंगेला जाते, तर पलीकडच्या उतारावरचे वेणा नदीतून वर्धा नदीला मिळते. लावा गावाजवळच्या टेकड्यांवर हातभर अंतराने फुटलेले दोन ओहोळ पुन्हा भेटतात ते थेट गडचिरोली जिल्ह्यात, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते तेथे.

पाऊस उघडल्यावर रविवारी सायकलने ही सीमा पडताळायला गेलो. संगणकाच्या मते पूर्वेकडे उतरणाऱ्या एका शेतरस्त्याच्या मोरीत मी पळसाचे वाळके पान टाकले. ते क्षणभर घुटमळले, दगडाला अडून फिरले आणि सरळ पश्चिमेला निघून गेले. शेजारच्या वावरातून एका काकांनी विचारले, "काय पाहून राहिले भाऊ, काही पडलं का मोरीत?" पाण्याची वाट शोधतो आहे म्हटल्यावर त्यांनी हात करून दाखवले, "इथलं सारं वेणेकडंच जाते. तुमच्या शहराचं पाणी त्या धुऱ्यापासून फुटते." तो धुरा, म्हणजे शेताचा बांध, माझ्या रेषेपासून सुमारे 200 मीटर पूर्वेला निघाला. 30 मीटरच्या चौकटीला एकच उंची देणाऱ्या नकाशाला गुडघाभर उंचीचा धुरा दिसणे शक्यच नव्हते, आणि माथ्यावरच्या सपाटीवर निर्णय तर अशा धुऱ्यांवरच होतो. रेषा हाताने सरकवली.

अंबाझरीची अडचण निराळी. तलावाचा पृष्ठभाग सपाट असल्याने त्यावर एकमेकांना समांतर अशा प्रवाहांचा कंगवा उमटला होता. 1870 साली बांध पूर्ण झालेला हा तलाव नागेच्या वाटेवरच असल्यामुळे तो वगळून चालत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि तलाव ओसंडून खालच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा वरचा पाणलोट म्हणजे काय हे शहराला कळले. सध्या तलावाची आकृती एकसंध धरून सांडव्यापाशी पाणी बाहेर पडण्याची एकच जागा (निर्गम) दिली आहे.

पारडीकडचा पूर्व भाग मात्र अजून मनासारखा झालेला नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातील रडारने घेतलेल्या उंच्यांमध्ये झाडे आणि इमारतींचे माथेही धरले गेले आहेत, आणि उतार इतका मंद आहे की संगणकाची नाग घरांमधून भलतीकडेच भटकते. शेवटी उपग्रहचित्रावरून पात्र गिरवून उंचीच्या नकाशात तेवढी पट्टी 5 मीटर खोल कोरली. खरी नदी एवढी खोल नाही, परंतु प्रवाह जागेवर आला. निर्गमबिंदू, म्हणजे ज्याच्या वरचे पाणलोट मोजायचे तो बिंदू, नाग आणि पिवळी या नद्यांच्या संगमाच्या किंचित वर ठेवला आहे, कारण गोरेवाड्याकडून येणाऱ्या पिवळीचे पाणलोट मला स्वतंत्र मोजायचे आहे. पहिल्या प्रयत्नात तो बिंदू पात्राच्या एक चौकट बाजूला पडला आणि अख्ख्या नाग नदीचे क्षेत्र जेमतेम नऊ चौकटींचे आले!

दक्षिणेकडची पोहरा नदी अद्याप बाकी आहे. सोनेगाव तलावापासून खालपर्यंतचे नाले दिवाळीनंतर, चिखल वाळला की, पायी पाहणार आहे.