शांघायची मेट्रो आणि आमचे चार डबे

सकाळी पावणेनऊला घाटकोपरला लोकलमधून उतरून पुलावरून मेट्रोकडे जायचं म्हणजे काय असतं हे रोज जाणाऱ्यालाच कळेल. पाय आपले असतात फक्त, चालवतात बाकीचे. बॅग पुढे घ्यायची, मोबाईल आत टाकायचा आणि वाहत जायचं. वर पोचलं की चार डब्यांची ट्रेन उभी असते आणि दार उघडल्यावर सीटसाठी जी झुंबड उडते ती बघून कोणाला वाटेल आत जेवण वाढलंय. मी चकाल्याला उतरते, सीटचा मोह मी केव्हाच सोडलाय, दाराजवळचा कोपरा मिळाला तरी दिवस चांगला गेला म्हणायचं.

ही ट्रेन चीनमधून आलीय हे किती जणांना माहितीये काय माहीत, पण वर्सोवा घाटकोपर लाईनचे डबे नानजिंगला बनलेत. त्यामुळे ऑफिसने आठ दिवसांसाठी शांघायला जायला सांगितलं तेव्हा मनात पहिला विचार आला तो हाच, की आता या डब्यांचं माहेर बघायला मिळणार. म्हणजे नानजिंग नाही, पण शेजारचं गाव म्हणा.

निघायच्या आधी ज्याला त्याला एकच पडलेलं, ती हवेत तरंगणारी ट्रेन बघशील ना? बघितली. मॅग्लेव्ह. एअरपोर्टवरून निघाली की तीस किलोमीटर सात-आठ मिनिटांत संपतात. पूर्वी ती ताशी 431 किमीने पळायची, आता 300 ने पळते. मजा आली, व्हिडिओ काढला, आईला पाठवला. पण ती तुम्हाला सोडते कुठे, तर लोंगयांग रोडला, आणि तिथून पुन्हा बॅगा ओढत साध्या मेट्रोत शिरावंच लागतं. म्हणजे विमानाच्या वेगाने यायचं आणि मग रांगेत उभं राहायचं. हे आपल्याला नवीन नाही.

खरं सांगायचं तर मला तिथली चमकधमक नाही लक्षात राहिली. स्टेशनं स्वच्छ आहेत, दर वेळी बॅग स्कॅनरमधून जाते, तीन युआनपासून म्हणजे आपल्या पस्तीस-चाळीस रुपयांपासून तिकीट सुरू होतं, सगळं छान. नकाशा मात्र बघतच राहावा असा. 800 किमीच्या वर जाळं, रोज एक कोटीहून जास्त प्रवास, आणि सुरुवात कधी तर 1993 ला, पाच स्टेशनांच्या एका तुकड्याने. 2010 ला तिथे वर्ल्ड एक्स्पो होतं, त्याच्या आधीच्या काही वर्षांत यांनी इतकं खणलं की एक्स्पोपर्यंत 400 किमी पार झालं होतं. 29 डिसेंबर 2007 ला तर एकाच दिवशी तीन नव्या लाईन सुरू केल्या, सहा, आठ आणि नऊ. आपल्याकडे 2006 ला भूमिपूजन झालेली अकरा किलोमीटरची एक लाईन 2014 ला धावली, असो, त्यावर लिहायला बसले तर हा ब्लॉग इथेच संपेल.

तर माझा खरा धडा मला त्या सहा नंबरच्या लाईनवर मिळाला. तिथल्या ऑफिसातली एक मुलगी मला रोज हॉटेलवरून घेऊन जायची, आम्ही सेंच्युरी अ‍ॅव्हेन्यूला गाडी बदलायचो. तिथे चार लाईन एकत्र येतात, म्हणजे दादर समजा, फक्त भेळवाला नाही. आणि सहा नंबरची ट्रेन आली आणि मी हसलेच. चार डबे! तेही बारके, आपल्या मेट्रोपेक्षाही अरुंद वाटले मला. आणि आत माणसं कोंबलेली, दार लागेना, बाहेरचा एक जण बॅग आत ओढतोय, सगळं अगदी घाटकोपर. मी म्हटलं अगं बाई, मी घरीच आले की.

तिने सांगितलं की ही लाईन आखताना गर्दीचा अंदाज फारच कमी धरला होता, म्हणून छोटे डबे आणि छोटी स्टेशनं. लाईन सुरू झाली आणि लगेच भरली. आता डबे वाढवायचे म्हटलं तरी प्लॅटफॉर्मच तेवढा, जमिनीखाली बांधलेलं स्टेशन लांब करणं म्हणजे रबर ताणणं नव्हे. त्यामुळे गाड्या सोडतात जास्त, एकामागून एक, पण डबे तेच.

आणि याच शहरात एक नंबरची लाईन बघा. ती नव्वदच्या दशकातली, सगळ्यात जुनी. सुरुवातीला सहा डब्यांच्या गाड्या धावायच्या, पण प्लॅटफॉर्म आठ डब्यांचा बांधून ठेवला होता. गर्दी वाढली तशा त्यांनी गाड्यांना दोन-दोन डबे जोडले आणि झालं काम. म्हणजे ज्यांना मेट्रो काय असते तेही नीट माहीत नव्हतं त्यांनी जागा सोडली, आणि नंतरच्या हुशार मंडळींनी काटकसर केली. आमच्याकडे लग्नाचा हॉल बघताना पण असंच होतं, आजी म्हणते मोठा घ्या, काका म्हणतात कशाला, आणि पंगतीला लोक जिन्यावर.

सोळा नंबरची तर अजून गंमत. ती मुलगी त्याच बाजूला राहते, पार टोकाला, दीश्वे लेकजवळ, समुद्राकडे. 2013 च्या डिसेंबरात ती लाईन सुरू झाली तेव्हा तीन डब्यांच्या गाड्या होत्या. तीन! नवीन वस्ती, कोण येणार एवढ्या लांब असं वाटलं असेल. ती तेव्हा कॉलेजात होती, सांगत होती की आधी बसने दीड-दोन तास जायचे म्हणून सगळे खूश होते आणि दोन दिवसांत सगळे चिडले कारण चढताच येईना. पण इथे प्लॅटफॉर्म सहा डब्यांचा होता, त्यामुळे नंतर तीन आणि तीन अशा दोन गाड्या एकमेकींना जोडून सहाची केली. आता बरं आहे म्हणाली. बरं म्हणजे किती बरं विचारलं तर म्हणाली, उभं राहायला मिळतं.

आपण मुंबईकर हे सगळं कोळून प्यायलेले आहोत खरं तर. इंडिकेटरवर बारा दिसले की कुठे उभं राहायचं, पंधरा दिसले की कुठे, हे आपल्याला झोपेत कळतं. नऊ डब्यांच्या लोकल बाराच्या करताना आणि बाराच्या पंधराच्या करताना प्लॅटफॉर्म लांबवायला किती वर्षं घालवली आपण, कुठे सिग्नल आडवा, कुठे पूल आडवा. नव्या मेट्रोत जरा अक्कल आलेली दिसते, दहिसरकडच्या दोन लाईनींना सहा डबे आहेत, आणि आरे ते कफ परेडच्या भुयारी मेट्रोला आठ. मरोळ नाक्याला आमच्या चार डब्यांतून उतरून त्या आठ डब्यांत बसलं की चाळीतून टॉवरमध्ये आल्यासारखं होतं.

पण मला परत आल्यावर कळलेली गोष्ट ही की आमचे प्लॅटफॉर्म सहा डब्यांचे आहेत. बारा वर्षं होत आली मी या लाईनवर आहे, आणि कधी लक्षच दिलं नव्हतं. सोमवारी मुद्दाम बघितलं, ट्रेन उभी राहिली, शेवटचा डबा संपला आणि त्याच्या पुढे प्लॅटफॉर्म होता तसाच, रिकामा. एक सिक्युरिटीवाला तिथे उभा राहून पाणी पीत होता. त्याचा फोटो काढायला गेले तर मागून आवाज आला, मॅडम चढायचंय का नाही, आणि त्या नादात कोपरा गेला.

फोटो नंतर मंगळवारी काढला आणि त्या मुलीला पाठवला. तिने विचारलं, ही जागा कशासाठी ठेवलीये? मी लिहिलं, दोन डब्यांसाठी. तिने विचारलं, मग कुठे आहेत ते?

चकाला आलं होतं, उतरले.